उपरण्याखालचा हिशेब

जालन्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला दोनदा निरोप पाठवला. मुदतीच्या तापात कान गेलेल्या बायका अजून येतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून दे, आम्ही वाचून दाखवू, असा. मला हसू आले. बहिरीला वाचून दाखवणार कसे? मग वाटले, तिच्या घरच्यांना दाखवतील. नवऱ्याला, सासूला. म्हणून हे त्यांच्यासाठीच लिहिते आहे. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा जोडाक्षरे चुकली तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर खानदेशात, इंग्रजी मुलखात. सासर वडीगोद्रीला, निजामाच्या राज्यात. मध्ये बैलगाडी, आगगाडी, मनमाडला गाडी बदलणे आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, जिथे बाईमाणसाची बोचकीसुद्धा उलगडून बघतात. माहेरचे माणूस वर्षातून एकदा दिसले तर दिसले. इतक्या लांब मला दिले कसे, तर माझे सासरे जनावरांच्या बाजारातले दलाल. ते बैलांसाठी खानदेशात येत आणि माझ्या वडिलांकडे उतरत. बैलाबरोबर मुलगीही पसंत केली, असे माझा दादा चिडवायचा.

सासरे गेले, त्यांचा धंदा माझ्या घरच्यांनी, म्हणजे ह्यांनी, धरला. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभे राहायचे, सौदा जमवायचा, दोघांकडून दलाली घ्यायची. एखाद्या बाजारी हात भरून येते, एखादा महिना कोरडा जातो. अशा घरात बटवा सांभाळणे सोपे नसते. तो माझ्या कमरेला होता, कारण घरात अक्षर ओळखणारी मी एकटी. ह्यांना उर्दूत सही येते, बस. सासूबाईंना, म्हणजे मी आत्याबाई म्हणते त्यांना, तेही नाही. निजामाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा, कलदाराला जास्त मोल, हेसुद्धा मी इथे आल्यावर एका दुपारीत शिकले. मला असले शिकायला आवडते. आजारी पडेपर्यंत मला वाटायचे, पैसा डोळ्यांनी आणि बोटांनी सांभाळायचा असतो. त्यात कानाचे किती काम असते, ते कान गेल्यावर कळले.

पाटी

तापाचे दिवस मला आठवत नाहीत. आठवते ती परात. दवाखान्यातल्या खाटेवर मी डोळे उघडले तर एका बाईच्या हातून परात पडली. फरशीवर गोल गोल फिरली, डगमगली, थांबली. आवाज नाही. मला वाटले, इथे आजाऱ्यांना त्रास नको म्हणून परातीला खालून कापड लावत असतील. काय हुशार लोक आहेत, असे मनात म्हणाले. खरेच.

मग डॉक्टर आले. त्यांच्या ओठांची नुसती हालचाल. त्यांनी खिशातले घड्याळ माझ्या कानाशी धरले, मग दुसऱ्या. नंतर दोन दातांचा एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून माझ्या कानामागच्या हाडाला टेकवला. हाड गुणगुणल्यासारखे थरथरले. आवाज नव्हता, पण काहीतरी होते. मी त्यांचा हात धरून ठेवला, पुन्हा लावा म्हणून. ते हसले आणि पुन्हा लावला. त्या दिवसातली ती एकच गोष्ट मला आवडली होती.

संध्याकाळी नर्सबाईंनी पाटीवर मराठीत लिहिले आणि पाटी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती उलटी धरली. मग माझ्याकडे बघितले. ओठ ओळखायला मला तोवर येत नव्हते, पण एवढे कळले की विचारतात, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले. "ताप गेला. कान परत येतील असे सांगता येत नाही."

वाचताना मला माझा आवाज आला नाही. नीट वाचले की नुसते ओठ हलवले, समजेना. म्हणून पुन्हा वाचले. ह्यांनी हात वर केला. पुरे. पलीकडच्या खाटांवरच्या बायका सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आता कळते की मी ओरडून वाचले होते.

दवाखान्यात रोज तेच. सकाळी तोंडात काचेची नळी, मग पेज, मग औषध, मग दिवसभर छत. ज्याला त्याला माझ्याशी बोलणे फुकट वाटू लागले होते आणि त्यांची चूक नव्हती. पण शेजारच्या खाटेवर जालन्याच्याच एक मुसलमान म्हाताऱ्या बाई होत्या. त्या माझ्याशी रोज तास तास बोलत. मला ऐकू येत नाही हे त्यांना बराबर माहीत होते. मोसंबे सोलायचे, अर्धे मला द्यायचे आणि बोलत राहायचे. मध्येच हात उडवत, मध्येच डोळे पुसत. सुनेविषयी असावे. त्यांचे उपकार मी विसरले नाही. आपल्याला कोणी बोलण्यातून वगळले नाही, एवढे अर्ध्या मोसंब्याबरोबर मिळत होते.

ओठ आणि आवाज

घरी आल्यावर मी ओठ शिकू लागले. ह्यांचे ओठ सोपे. आत्याबाईंच्या तोंडात दात नाहीत, त्यांचे सगळे शब्द आतल्या आत वळतात. वाण्याच्या दुकानातल्या मारवाडी शेठजींच्या मिशा इतक्या जाड की ते बोलतात की पान चघळतात ते कळत नाही. बाजारात भाव विचारावा तर उत्तर कळत नाही. उत्तर कळेपर्यंत पुढच्या बाईने भाजी घेतलेली असते.

रुपया दगडावर वाजवून घ्यायची इथे रीत आहे. मी आपटायचे, बाजूचे सगळे मान डोलवायचे, आणि मी मेली त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. मग दवाखान्यातला चिमटा आठवला. बोटाच्या टोकावर रुपया तोलून दुसऱ्या रुपयाने हलकेच टिचकवला. चांगली चांदी बोटावर थरथरत राहते. हिणकस रुपया लगेच मरतो. शेठजींनी ते बघून गल्ल्यातले रुपये माझ्यापुढे ठेवले, ओळख म्हणून. दोन बराबर ओळखले, एक चुकले. तेव्हा याच्यावर कोणी फार विसंबू नये.

पण खरी अडचण माझ्या आवाजाची होती. तो किती मोठा आहे हे मला कळत नव्हते.

एका बाजारी हे एका व्यापाऱ्याची ठेव घेऊन आले. माणूस नांदेडकडचा, बैल दुसऱ्या दिवशी न्यायचा होता, रक्कम आमच्याकडे ठेवून गेला. दलालाच्या घराची सगळी पत असल्या ठेवीवर. मी ती नीट बांधून ठेवली आणि अंगणात बसलेल्या आत्याबाईंच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू सांगितले, "ठेव कणगीत घातलीय, ज्वारीच्या खाली."

आत्याबाई दचकून मागे सरकल्या. समोरच्या ओट्यावरच्या बायकांच्या माना वळल्या. पाणी घेऊन जाणारी एक रस्त्यातच थांबली. गल्लीच्या पार टोकाला एका माणसाने डोक्यावरची टोपी सरळ केली आणि आमच्या दाराकडे बघितले. मी कोणाच्या कानात बोलले होते, ते तेव्हा कळले. सगळ्या वडीगोद्रीच्या.

ह्यांनी तीच रक्कम अंधार पडायच्या आत शेठजींच्या तिजोरीत नेऊन ठेवली. आत्याबाईंनी माझ्या कमरेचा बटवा सोडून घेतला. त्या काय म्हणाल्या ते मला पुढे कळले, कारण ते वाक्य त्या अजून पाहुण्यांना सांगतात. "हिच्या गळ्याला झाकणच न्हाई राह्यलं. गावात दवंडी द्यायला कोतवाल कशाला पाह्यजे, ही बास हाय!"

आठवडाभराने खानदेशात बैल घ्यायला निघालेला एक व्यापारी दारात आला. आत्याबाई त्याच्याशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांचे बोट आधी माझ्याकडे गेले, मग उत्तरेकडे. एवढे कळायला कान लागत नाहीत. दादाला निरोप जात होता, बहिणीला घेऊन जा म्हणून. मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी मान खाली घातली. पाठवणार म्हणून नव्हे आणि नाही म्हणूनही नव्हे. ज्यांच्या घरात असे काही चालले असेल त्यांना सांगते, त्या दिवशी नवऱ्याने काहीही म्हटले असते तरी चालले असते. ते न बोलणे मात्र मला ऐकू आले.

आमच्या बाजूला अशा माहेरी गेलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. बरी होईपर्यंत म्हणून जातात आणि तिथेच राहतात. भाकरीला कमी पडत नाही, पण चूल कोणाची, बटवा कोणाचा, हे विचारायचे राहत नाही. मला माझे घर चालवायचे होते. मला दुसरे काही येत नव्हते.

दिवसाउजेडी

पुढच्या बाजाराहून हे घरी आले ते ओसरीवर बसले. मी पाणी दिले आणि हाताने विचारले, किती मिळाले? हे बोलले तर आकडे मला ओठांवरून कळणार नाहीत, मी बोलले तर गल्लीला कळणार. थकलेला माणूस. सवयीने त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, माझा हात ओढला, दोघांच्या हातांवर उपरणे टाकले आणि खालून माझी दोन बोटे पकडली. मग सगळी मूठ. मग एका बोटाचे अर्धेच पेर.

मला वाटले, ह्यांनाही ताप आला.

इथल्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. चार माणसे ऐकतील, भाव फुटेल, म्हणून कापडाखाली हात घालून बोटांनी सांगतात. मी लग्नापासून ते लांबून बघितले होते. आत काय चालते याचे मला कुतूहल होते, पण ते पुरुषांचे. आता ह्यांनी कंबरेची थैली काढून नाणी मांडली, नाण्यांकडे बोट केले, पुन्हा माझी बोटे तशीच पकडली. दोन, पाच, अर्धा. म्हणजे साडेसात. समोर तेवढेच होते. मी इतकी हसले की ह्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

नेमक्या त्याच वेळी आत्याबाई दारात आल्या. दिवसाउजेडी, ओसरीवर, लेकाचा एक हात सुनेच्या तोंडावर आणि दुसरा उपरण्याखाली तिच्या हातात.

"बापू! लाज हाय का न्हाई? लोक येऊन जाऊन राह्यले!"

"आई, भाव सांगून राह्यलो तिला."

"कशाचा भाव? घरात काय बैल इकायला बांधलाय?"

हे सगळे मला ह्यांनी रात्री हातवारे करून सांगितले आणि आम्ही पुन्हा हसलो, पण यावेळी मी तोंडात पदर कोंबून.

सगळ्या खुणा लिहू नको असे ह्यांनी बजावले आहे, धंद्याची गोष्ट आहे. एवढे सांगते की एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच, अर्धे पेर म्हणजे आठ आणे. दहा की शंभर ते समोरच्या वस्तूवरून कळते. बाजारात हालीत बोलायचे की कलदारात हे आधी तोंडाने ठरते, तिथे माझे अडले. म्हणून आम्ही आमची खूण पाडली. नखावर टिचकी मारली तर कलदार, नाही तर हाली. तुम्ही तुमच्या घरच्या खुणा पाडा. दलालाचीच लागते असे नाही.

मी जात्यावर बसून एका हाताने दुसऱ्या हाताची बोटे दाबत सराव करायची. आठ दिवसांत मला शेपन्नास हिशेब बोटांवर येऊ लागले. पण त्यात फक्त आकडे होते. मला पाठवणार का, हे बोटांनी विचारता येत नव्हते. तोंडाने विचारायचे तर सगळी गल्ली ऐकणार होती. निरोप गेलेला होता आणि तो परत बोलावल्याचे काही दिसले नव्हते. रोज उत्तरेच्या रस्त्यावर एखादी गाडी दिसली की मी दळण टाकून दाराशी जायची, दादा आहे का बघायला.

आत्याबाईंचा हात

हे एका जत्रेच्या बाजाराला गेले होते. दुपारची वेळ. मी जात्याशी होते. आत्याबाई आल्या, दार लोटले, माझ्यासमोर बसल्या आणि आपला पदर ओढून त्याखाली हात पुढे केला. त्यांचे ओठ हलले, मला काही कळले नाही. हात कळला. मलाही दाखव.

का, ते पुढे ह्यांच्याकडून समजले. जन्मभर त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्यासमोर, माझे सासरे कापडाखाली सौदे करीत. "पाणी देऊन देऊन हात झिजले माझे," आत्याबाई म्हणाल्या होत्या, "पण बैल धाला गेला का शंभराला, कधी कळलं न्हाई. इचारलं तर म्हणायचे, तू पाणी दे."

त्यांची बोटे वाताने वाकडी झालेली. करंगळीजवळचे बोट मिटतच नाही, त्यामुळे त्यांचे तीन मला चार वाटायचे. आम्ही ठरवले की त्यांनी ते बोट वापरायचेच नाही. शिकताना त्या माझ्यावर चिडायच्या, मी चुकले तर कोपराने ढोसायच्या, त्या चुकल्या तरी मलाच ढोसायच्या. तरी रोज दुपारी दार लोटले जायचे. एकदा त्यांनी बरोबर साडेसात सांगितले आणि मी मान डोलावली, तर दात नसलेल्या तोंडाने इतक्या हसल्या की मीच उठून खिडकी लावली.

बटवा मात्र त्यांच्याच कमरेला होता.

ज्वारी

दादा आला तेव्हा हे पुन्हा बाजाराला गेले होते. ज्वारी निघायचे दिवस. दादाच्या काखेत त्याचे लहान बोचके आणि एक नवी घोंगडी. ती घोंगडी रात्रीच्या गाडीत पांघरायला माझ्यासाठी आणली होती. ती बघून मला रडू आले. इतकी माया, आणि ती मला नको असलेल्या कामासाठी आली होती.

दादा आणि आत्याबाई ओसरीवर बसून बोलू लागले. दादाची पाठ माझ्याकडे. आत्याबाईंचे ओठ मला कळत नाहीत. माझ्यासमोर माझे ठरत होते आणि मी ताटलीत गूळ-शेंगदाणे घेऊन उभी होते.

तेवढ्यात दारात ज्वारीची गाडी थांबली. आसपासच्या वाडीतला शेतकरी. घराला वर्षाची ज्वारी दरसाल अशीच दारावर घ्यायची असते आणि भाव तिथेच ठरतो. दरवर्षी आत्याबाई भाव करायच्या आणि मी मागून, "एवढ्याला नको," म्हणायची. गाडीवाल्याला ते ऐकू जायचे आणि आम्ही किती चढू शकतो ते त्याला आयतेच कळायचे. दरवर्षी आम्ही जास्त देत होतो. यंदा मी तोंड उघडले असते तर तो शेजारच्या गावातूनही ऐकत आला असता.

आत्याबाईंनी मला हाताने खूण केली, बस. मी त्यांच्या मागे बसले. त्यांचा पदर मागे सरकला आणि त्याखालून वाकडी बोटे माझ्या हाताला लागली. गाडीवाल्याचा भाव. मी गाडीवाल्याच्या तोंडाकडे न बघता त्याहून खालचा भाव दाबला. आत्याबाईंचे डोके हलले, त्या काही बोलल्या, गाडीवाल्याने कपाळावर हात मारला, बैलाकडे बोट केले, आकाशाकडे केले. पुन्हा बोटे. मी थोडे वाढवले, अर्ध्या पेराचे. तो गाडीवर चढून बसला. मी बोटे सैल केली नाहीत. आत्याबाईंनी माझी मूठ घट्ट धरली. तो उतरला.

ज्वारी आमच्या भावाने अंगणात पडली. दादा बघत होता. त्याला दिसत होत्या एका पदराखाली चिकटून बसलेल्या दोन बाया, एक बोलणारी आणि एक गप्प.

मग तो वळला. माझ्या दादाचे ओठ मला लहानपणापासून पाठ आहेत. तो आत्याबाईंना विचारत होता, "मावशी, कधी नेऊ मग हिला?"

आत्याबाई काही बोलल्या. दादा हसला. पोट धरून हसला. मला काही समजेना. माझा धीर सुटला आणि मी त्याला हळूच विचारले, "काय म्हणाल्या?"

हळूच विचारले असे मला वाटले. समोरच्या ओट्यावरच्या बायका हसू लागल्या. दादा माझ्यासमोर बसला आणि एक एक शब्द ओठांनी सांगू लागला, म्हणजे मला दिसेल.

"म्हणतात, नेऊन काय करतोस? मंग ज्वारीचा भाव कोण ठरवील?"

दुसऱ्या दिवशी दादा गेला. घोंगडी ठेवून गेला. वेशीपर्यंत त्याला पोचवून मी आले तेव्हा आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी आधी दाराकडे बघितले, मग पदर ओढला आणि माझा हात घेतला. मला वाटले, सराव करायचा आहे. त्या काही विचारत नव्हत्या. बटव्यात किती उरले ते सांगत होत्या.

मला वाटले होते त्याहून फार कमी होते. मी पुन्हा विचारले. त्यांनी तीच बोटे पुन्हा दाबली. मग नखावर टिचकी मारली का ते बघायला मी थांबले. टिचकी नव्हती, हालीच होते. हे यायला अजून दोन बाजार होते. तेल संपत आले होते, मीठ होते. चुलीच्या धगीत आम्ही तशाच बसलो आणि तेवढ्यात भागवायचे कसे, ते बोटांनी ठरवू लागलो.